टोमॅटोची बारमाही लागवड, जुन्नर–आंबेगाव परिसरातील

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टोमॅटोच्या शेतीचा मोठा विस्तार झाला. नारायणगाव हे या शेतीचे प्रमुख केंद्र असून तेथील टोमॅटो पुणे व मुंबईबरोबरच इतर राज्यांतही जातो. थंड हवामानाच्या देशांनी काचेची हरितगृहे उभारून व ती तापवून वर्षभर ताजा टोमॅटो मिळविला. जुन्नर–आंबेगाव परिसराने हेच साध्य बहुतांशी उघड्या शेतात, धरणांचे पाणी, संकरित वाण, रोपवाटिका, रस्ते व बाजार यांच्या आधारे गाठले. यामुळे ग्राहकाची सोय झाली. तथापि रोगांचे सातत्य व दरांची अस्थिरता हे या बारमाही पुरवठ्याचे दोन परिणाम मुख्यतः उत्पादकाच्या वाट्यास आले.

वनस्पती व तिचा प्रसार : टोमॅटो ही वांगे, बटाटा व मिरची यांच्या कुलातील (सोलॅनेसी) वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव सोलॅनम लायकोपर्सिकम असे आहे. तिचे मूलस्थान दक्षिण अमेरिकेचा पश्चिम भाग, विशेषतः अँडीज पर्वताचा प्रदेश होय. मेक्सिकोत ती लागवडीखाली होती व तेथील नाउआत्ल भाषेतील ‘टोमाट्ल’ या शब्दावरून तिचे आजचे नाव आले. इटलीतील वैद्य व वनस्पतिज्ञ मात्तिओली यांनी १५४४ मध्ये या फळाचा उल्लेख केला आहे. भारतात ते पोर्तुगीजांमार्फत आले असे मानले जाते. परंतु बटाटा व मिरची यांच्या मानाने ते भारतीय स्वयंपाकात फार उशिरा रुळले. उत्तर भारतातील ‘विलायती बैंगन’ हे त्याचे जुने नाव त्याच्या परकेपणाचे द्योतक आहे. विदर्भात त्याला भेदरे असेही म्हणतात. आज टोमॅटोच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो. भारतातील वार्षिक उत्पादन सु. २ कोटी टन आहे.

टोमॅटोचे पीक तापमानाच्या बाबतीत चोखंदळ आहे. दिवसा २१° ते २८° से. व रात्री १५° ते २०° से. तापमान त्यास मानवते. उन्हाळ्यात तापमान ३५° से.च्या वर गेल्यास परागकण निकामी होऊन फुले गळतात, ३०° से.च्या वर फळांत लायकोपीन हे तांबडे रंगद्रव्य नीट तयार होत नाही व फळे पिवळट राहतात. कडाक्याचे धुके (हिमतुषार) पडल्यास झाड मरते. तोडलेले फळ फार काळ ठेवता येत नाही. बटाटा शीतगृहात व कांदा चाळीत काही महिने राहतो. पक्व होऊ लागलेला हिरवट टोमॅटो सु. १२° से. तापमानास दोन-तीन आठवडे टिकतो आणि त्याहून बरेच थंड ठेवल्यास त्याची चव व रंग बिघडून तो सडू लागतो. म्हणून बाजारात ताजा टोमॅटो बारा महिने मिळावयाचा, तर बारा महिने कोठे ना कोठे त्याची तोडणी चालू असावी लागते.

थंड देशांतील मार्ग : यूरोपात हा प्रश्न काचेने सोडविला गेला. ब्रिटनमध्ये काचेवरील उत्पादनशुल्क १८४५ मध्ये रद्द झाल्यावर काच स्वस्त झाली आणि काचगृहे धनिकांच्या उद्यानांतून व्यापारी शेतीत आली. इंग्लिश खाडीतील गर्न्सी बेटावर द्राक्षांसाठी बांधलेल्या काचगृहांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोमॅटोची लागवड होऊ लागली आणि पुढे तोच तेथील मुख्य निर्यातमाल ठरला. नेदर्लंड्सच्या वेस्टलँड भागात काचगृहांची सलग वसाहत उभी राहिली. ग्रोनिंगेन येथे १९५९ मध्ये नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडल्यावर ती तापविण्यास स्वस्त इंधन मिळाले. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात एमर्ट यांनी १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस काचेऐवजी पॉलिथिलिनचा पडदा वापरून दाखविला व त्यातून आजचे प्लॅस्टिकचे हरितगृह विकसित झाले. या पद्धतीत इंधन हाच कळीचा घटक असतो. २०२१–२२ मध्ये यूरोपात वायूचे दर भडकल्यावर नेदर्लंड्समधील अनेक उत्पादकांनी हिवाळ्यात हरितगृहे रिकामी ठेवली.

भारतात थंडीवर मात करण्यासाठी हरितगृहाचा उपयोग मुख्यतः लडाखसारख्या उंच प्रदेशात झाला. तेथे संरक्षण संशोधन संस्थेच्या लेह येथील प्रयोगशाळेने सैनिकांना व स्थानिकांना हिवाळ्यात ताजी भाजी मिळावी, या हेतूने सूर्याच्या उष्णतेवर चालणारी साधी हरितगृहे प्रचारात आणली. महाराष्ट्रात अडचण निराळी आहे. येथे हिवाळा सौम्य असतो. पिकास बाधक ठरतात ते एप्रिल–मे मधील ऊन, पावसाळ्यातील ओल आणि उन्हाळ्यातील पाणीटंचाई.

नैसर्गिक पार्श्वभूमी : जुन्नर व आंबेगाव हे तालुके सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडील पठारापर्यंत पसरलेले आहेत. घाटमाथ्यावर वार्षिक पर्जन्य २,५०० मिमी.हून अधिक, तर पूर्वेकडील पट्ट्यात सु. ६०० मिमी.पर्यंत उतरलेला आढळतो. जुन्नर तालुक्यातून कुकडी, मीना, पुष्पावती व मांडवी, तर आंबेगावातून घोड व तिच्या उपनद्या वाहतात. पश्चिमेस भात व हिरडा, पूर्वेस बाजरी व कडधान्ये अशी जुनी पीकरचना होती. मंचर व सातगाव पठार बटाट्यासाठी, ओतूर कांद्यासाठी प्रसिद्ध झाले. नारायणगावचा परिसर समुद्रसपाटीपासून सु. ६५० ते ७०० मी. उंचीवर आहे. मैदानी प्रदेशाच्या मानाने उन्हाळ्यातील रात्री थंड असतात व सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे पावसाळ्यातही नारायणगाव व त्याच्या पूर्वेकडे पाऊस बेताचा पडतो. उन्हाळी लागवडीचा टोमॅटो येथे यशस्वी होण्याचे हे नैसर्गिक कारण होय.

या हवामानाची दखल एकोणिसाव्या शतकातच घेतली गेली होती. मुंबई सरकारच्या दापोडी येथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक व पुढे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन (१८००–६७) यांच्या देखरेखीखाली जुन्नरजवळ हिवरे येथे सरकारी उद्यान होते. तेथे औषधी वनस्पती लावल्या जात. बाहेरच्या वनस्पती येथे रुजवून पाहण्याचा हा आरंभीचा संघटित प्रयत्न म्हणता येईल. त्याचा व्याप मर्यादित राहिला, कारण विहिरीच्या पाण्यावर भाजीपाल्याची शेती मोठ्या प्रमाणावर वाढणे शक्य नव्हते.

जलसिंचन : या परिस्थितीत मूलगामी बदल कुकडी प्रकल्पाने घडविला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे अशी पाच धरणे या प्रकल्पात येतात. त्यांपैकी कुकडी नदीवरील येडगाव धरण १९७७ मध्ये पूर्ण झाले. त्याच नदीवरील माणिकडोह व मीना नदीवरील वडज ही धरणे १९८० नंतरच्या दशकात उभी राहिली. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयास आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ येथे जन्मलेले हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव देण्यात आले आहे. कालव्यांमुळे पूर्वेकडील जमिनी उन्हाळ्यातही ओलिताखाली आल्या आणि झिरपलेल्या पाण्याने विहिरींची पातळी वाढली. ऊस, द्राक्षे व भाजीपाला ही नगदी पिके यानंतर झपाट्याने पसरली.

या लाभाची दुसरी बाजू पश्चिमेकडे दिसते. डिंभे जलाशयात आदिवासींच्या, विशेषतः महादेव कोळी समाजाच्या, गावांच्या जमिनी बुडाल्या. काठावर उरलेल्या कुटुंबांपैकी अनेकांना खरिपाच्या भातानंतर मजुरीसाठी पूर्वेकडील बागायती पट्ट्यात यावे लागते. नारायणगाव येथे दररोज भरणाऱ्या मजुरांच्या बाजारातून टोमॅटोच्या बांधणीसाठी व तोडणीसाठी माणसे नेली जातात. पाणी ज्या डोंगरांतून येते, त्याच डोंगरांतून मजूरही येतो, ही या शेतीची सामाजिक वस्तुस्थिती होय. प्रकल्पाचे पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत व करमाळा या तालुक्यांनाही द्यावयाचे असल्याने उन्हाळी आवर्तनाचा प्रश्न दरवर्षी वादाचा ठरतो. आणि टोमॅटोची उन्हाळी लागवड याच आवर्तनावर अवलंबून असते.

वाण व लागवडपद्धती : आरंभी भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा रूबी यासारखे सरळ वाण प्रचलित होते. त्यांची फळे पातळ सालीची व रसाळ असल्यामुळे दूरच्या वाहतुकीत फुटत. बंगळूर येथील एका खाजगी बियाणे संस्थेने १९७३ मध्ये ‘कर्नाटक’ हा संकरित टोमॅटो बाजारात आणला व भारतात संकरित भाजीपाला बियाण्यांच्या व्यापारास चालना मिळाली. पुढे वैशाली व रूपाली हे संकरित वाण महाराष्ट्रात लोकप्रिय झाले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने धनश्री, भाग्यश्री हे सरळ व राजश्री, फुले राजा हे संकरित वाण दिले. १९८८ च्या नव्या बियाणे धोरणानंतर बहुराष्ट्रीय कंपन्यांचे वाणही आले. जाड सालीची, घट्ट गराची व आठवडाभर टिकणारी फळे देणाऱ्या या वाणांमुळे नारायणगावचा टोमॅटो दिल्लीपर्यंत जाऊ शकला. चवीतील आंबटपणा व रसाळपणा कमी झाला, हे त्याचे मोल होय.

लागवडीच्या पद्धतीतही टप्प्याटप्प्याने बदल झाला. परिसरातील द्राक्षबागांमुळे तार, बांबू व ठिबक संच यांची शेतकऱ्यांना ओळख होतीच. टोमॅटोची झाडे तार व बांबूच्या आधाराने सुतळीने बांधण्याची रीत येथे रूढ झाली. त्यामुळे फळ जमिनीस टेकत नाही, पावसाळ्यातील कुज कमी होते व तोडणी सुलभ होते. गादीवाफ्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन अंथरून त्याखालून ठिबकाने पाणी व विद्राव्य खते देतात. याने पाण्याची बचत होते व तण आटोक्यात राहते. मात्र लागवडीचा भांडवली खर्च वाढून हे पीक कर्जाशिवाय घेणे लहान शेतकऱ्यास अवघड झाले.

हरितगृहाचे स्थान : केंद्र शासनाने १९८१ मध्ये शेतीतील प्लॅस्टिकच्या वापरासाठी राष्ट्रीय समिती नेमली. पुणे जिल्ह्यात १९९० नंतर तळेगाव दाभाडे व इतरत्र निर्यातीच्या गुलाबासाठी हरितगृहे उभी राहिली आणि २००५-०६ पासून राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाच्या अनुदानामुळे ती लहान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली. या हरितगृहांत जरबेरा, गुलाब, रंगीत ढोबळी मिरची व काकडी यांना प्राधान्य मिळाले. उघड्या शेतातील टोमॅटो एरवी इतका स्वस्त असतो, की हरितगृहाचा खर्च भरून निघण्याची खात्री नसते. त्यामुळे तेथे टोमॅटो फारसा घेतला जात नाही.

तरीही टोमॅटोच्या शेतीत संरक्षित लागवडीने महत्त्वाचे काम केले आहे, ते रोपांच्या अवस्थेत. पूर्वी शेतकरी गादीवाफ्यावर बी टाकून स्वतः रोपे करीत. आता व्यावसायिक रोपवाटिकांत शेडनेटखाली, कीटकरोधक जाळीच्या आत, प्लॅस्टिकच्या ट्रेमधील नारळाच्या भुश्यात (कोकोपीटमध्ये) एकेक बी लावून सु. तीन ते चार आठवड्यांत रोप तयार होते. महागड्या संकरित बियाण्याची नासाडी टळते, उन्हाळ्यातही रोपे मिळतात व लागवडीची तारीख शेतकऱ्यास ठरविता येते. पाश्चात्त्य देशांत संपूर्ण पीक छपराखाली जाते. येथे पिकाच्या आयुष्याचा पहिला महिनाच तेवढा छपराखाली जातो.

कालचक्र व बाजार : नारायणगाव पुणे–नाशिक महामार्गावर असून जवळच आळेफाटा येथे कल्याण–अहिल्यानगर मार्ग त्यास छेदतो. माळशेज घाटाने मुंबईचा मार्ग जवळचा होतो. सातवाहनकाळात नाणेघाटामुळे जुन्नरला जे व्यापारी महत्त्व होते, त्याच भौगोलिक कारणाचा हा आधुनिक आविष्कार म्हणता येईल. जुन्नर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या नारायणगाव उपबाजारात टोमॅटोचा स्वतंत्र खुला बाजार भरतो. माल २० किग्रॅ.च्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये येतो व भाव क्रेटवर ठरतो. फेब्रुवारीपासून लागवडी होत असल्याने मुख्य आवक मे-जूनपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत चालते. 

देशाच्या पुरवठ्यात या बाजाराचे स्थान याच महिन्यांमुळे ठरले. एप्रिल ते जुलैमध्ये कर्नाटकातील कोलार व आंध्र प्रदेशातील मदनपल्ली येथून मोठी आवक होते. नाशिक जिल्ह्यातील खरीप टोमॅटो साधारणतः ऑगस्टअखेरीस सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालतो. हिवाळ्यात अनेक राज्यांत पीक असते. उत्तर भारतात पावसामुळे उत्पादन थांबते, त्या जुलै–ऑगस्टमध्ये नारायणगावच्या मालास दूरची मागणी येते. शहरातील ग्राहकास टोमॅटो बारमाही वाटतो. प्रत्यक्षात तो अनेक प्रदेशांच्या हंगामांची साखळी असतो. तिचा एक दुवा सुटला की टंचाई होते व दोन दुवे एकमेकांवर आले की माल मातीमोल होतो.

दरांची अस्थिरता : लागवडीपासून पहिल्या तोडणीपर्यंत सु. अडीच महिने लागतात. शेतकरी चालू भाव पाहून लागवड ठरवितो व माल मात्र वेगळ्याच भावात विकतो. २०२३ हे वर्ष याचे ठळक उदाहरण आहे. उन्हाळ्याच्या आरंभी भाव पडल्याने लागवड आखडली. ऊन, विषाणुरोग व पुढे पाऊस यांनी उरलेल्या पिकाचे नुकसान झाले. जुलैमध्ये नारायणगाव येथे चांगल्या मालाच्या क्रेटला दोन हजार रुपयांहून अधिक भाव मिळाला. केंद्र शासनाने १४ जुलैपासून सहकारी संस्थांमार्फत दिल्ली व इतर शहरांत प्रथम ९० रुपये किलो या दराने व पुढे त्याहून कमी दराने विक्री केली. ऑगस्टमध्ये नेपाळमधून आयातही झाली. मोजक्या शेतकऱ्यांना या काळात मोठा लाभ झाला. तो पाहून सर्वत्र लागवडी वाढल्या आणि सप्टेंबरमध्ये राज्यातील प्रमुख बाजारांत घाऊक दर किलोस अवघ्या काही रुपयांवर आले. टोमॅटो, कांदा व बटाटा यांच्या दरांतील चढउतार कमी करण्यासाठी २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाचशे कोटी रुपयांची योजना जाहीर झाली होती. तरीही ही अवस्था टळली नाही.

रोगांचे सातत्य : बारमाही लागवडीचा कमी चर्चिला गेलेला परिणाम म्हणजे रोगांना मिळालेला अखंड आश्रय. पर्णगुच्छाचा (लीफ कर्ल) विषाणू पांढऱ्या माशीमार्फत, शेंडेमर घडविणारा विषाणू फुलकिड्यांमार्फत व कुकुंबर मोझॅक विषाणू माव्यामार्फत पसरतो. जुने पीक उभे असतानाच शेजारी नवी रोपे लागत असल्याने कीड व विषाणू एका शेतातून दुसऱ्यात जातात. २०२० च्या उन्हाळ्यात पुणे, सातारा, अहमदनगर (आता अहिल्यानगर) व नाशिक जिल्ह्यांतील टोमॅटोच्या फळांवर पिवळे-हिरवे-तांबडे पट्टे दिसू लागले. ‘तिरंगा’ या नावाने हा रोग ओळखला गेला. बंगळूर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या तपासणीत नमुन्यांत प्रामुख्याने कुकुंबर मोझॅक विषाणू व त्याबरोबर अन्य विषाणू आढळले. टाळेबंदीच्या दिवसांत या रोगाविषयी अफवा पसरून चांगल्या मालाचीही विक्री मंदावली. हे विषाणू वनस्पतींचे असून माणसास बाधत नाहीत, असा खुलासा शास्त्रज्ञांना करावा लागला. दक्षिण अमेरिकेतील मूळची टुटा ही नागअळीही २०१४ मध्ये महाराष्ट्रात प्रथम आढळली. टोमॅटो आणि त्याची ही शत्रुकीड यांचे मूलस्थान एकच असून भारतात पोहोचण्यात मात्र त्यांच्यात सु. चार शतकांचे अंतर पडले.

संशोधकांनी रोगप्रतिकारक्षम वाण काढले आहेत. बंगळूरच्या उपरोक्त संस्थेचा अर्का रक्षक हा पर्णगुच्छ, जिवाणुजन्य मर व करपा या तीन रोगांस तोंड देणारा संकरित वाण त्यांपैकी एक होय. नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र कीटकरोधक जाळीतील रोपे, सापळे व पिकांची फेरपालट यांचा प्रसार करते. परंतु विषाणूची साखळी तोडण्याचा खात्रीचा उपाय पिकात खंड पाडणे हा आहे. डोमिनिकन प्रजासत्ताकात पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या अशाच रोगाने टोमॅटोची शेती उद्ध्वस्त झाल्यावर १९९० नंतरच्या दशकात तीन महिने तिला आश्रय देणारी पिके न घेण्याचे बंधन घालण्यात आले व उत्पादन सावरले. इझ्राएलच्या अरावा खोऱ्यातही असा खंड पाळला जातो.

मूल्यमापन : जुन्नर–आंबेगाव परिसरात असा खंड पाळणे सोपे नाही. एकट्या शेतकऱ्याने लागवड थांबविली, तर शेजारच्या शेतातून रोग येतोच आणि त्याचे उत्पन्न तेवढे बुडते. शिवाय ज्या महिन्यांत माल कमी असतो, त्याच महिन्यांत चांगल्या भावाची आशा असते. खंड गावाने, किंबहुना एका कालव्यावरील सर्व गावांनी मिळून पाळला, तरच उपयोगी ठरतो. पाण्याचे आवर्तन सामूहिक निर्णयाने ठरते, तसाच लागवडीच्या तारखांचाही निर्णय व्हावा लागेल आणि त्या काळातील उत्पन्नाची सोय करावी लागेल. कुकडीच्या पाण्याने उन्हाळ्यातील पोकळी भरून काढली आणि त्यातून या परिसराची समृद्धी निर्माण झाली. ती टिकविण्यासाठी वर्षातील काही आठवड्यांची पोकळी पुन्हा जाणीवपूर्वक राखावी लागेल, असे रोगांच्या अनुभवावरून दिसते. शहरांतील ग्राहकास त्या आठवड्यांत टोमॅटो दुसऱ्या प्रदेशांतून व कदाचित थोडा महाग मिळेल.